वाट बुडायच्या आधी निघा
(गॅल्व्हेस्टन शहराची हकीकत आणि आपण घ्यायचा धडा)



मे महिना सरत आला की आपल्या कार्यक्रमात बी-बियाणं, रोपवाटिका, बांधबंदिस्ती हे विषय असतात. या खेपेच्या पत्रकात मात्र मी तुम्हाला एक जुनी हकीकत सांगणार आहे. हकीकत सातासमुद्रापलीकडची आहे, पण ती सांगायचं कारण आपल्याच किनाऱ्यावरचं आहे.

२ जून २०२० चा दिवस. दुसऱ्या दिवशी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला लागणार, असा इशारा होता. मला नोकरीला लागून थोडीच वर्षं झाली होती. तलाठी, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांच्याबरोबर मी खाडीकाठच्या एका वाडीत लोकांना शाळेत हलवायला गेलो होतो. कोरोनाचे दिवस, त्यामुळे शाळेत गर्दी करायला लोक आधीच नाखूश. तरी बरीच माणसं निघाली. एक आजोबा काही उठेनात. त्यांच्या गोठ्यात बैलजोडी आणि एक गाभण म्हैस होती. ते म्हणाले, "साहेब, मी येतो शाळेत. पण म्हशीला कुठं नेऊ, तेवढं सांगा."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. शाळेत जनावरांना जागा नव्हती आणि उंचावरची दुसरी जागा आम्ही कुणी आधी पाहून ठेवलेली नव्हती. आजोबा घरीच राहिले. दुसऱ्या दिवशी गोठ्याचे पत्रे उडाले, आंब्याची फांदी पडवीवर पडली, पण खाडीचं पाणी त्या वाडीत शिरलं नाही. आजोबा वाचले, जनावरं वाचली. आठ दिवसांनी भेटले तेव्हा हसत म्हणाले, "बघा साहेब, कुठं काय झालं? उगाच पळवत होता आम्हाला."

आजोबांच्या या बोलण्याची मला वादळापेक्षा जास्त भीती वाटली. कारण सव्वाशे वर्षांपूर्वी एक सबंध शहर असंच म्हणत होतं. त्या शहराचं नाव गॅल्व्हेस्टन.

समुद्रातलं सखल शहर

अमेरिकेच्या दक्षिण टोकाला टेक्सास नावाचं राज्य आहे. त्याच्या किनाऱ्यालगत वाळूचं एक लांबट बेट आहे. एका अंगाला मेक्सिकोच्या आखाताचा मोठा समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मधे हे बेट. बेटाची लांबी सुमारे ४३ किलोमीटर, रुंदी जेमतेम चार-पाच किलोमीटर. या बेटावर गॅल्व्हेस्टन शहर वसलं. १९०० साली शहराची वस्ती ३७ हजारांवर होती. बंदर मोठं, व्यापार मोठा. टेक्सासमधल्या शेतकऱ्यांचा कापूस या बंदरातून परदेशी जायचा. कापसाच्या गाठींनी धक्का भरलेला असायचा आणि त्या पैशावर शहरात मोठमोठ्या हवेल्या उभ्या राहिल्या होत्या.

आता एक आकडा ध्यानात ठेवा. या शहरातली सगळ्यात उंच जमीन समुद्रसपाटीपासून नऊ फूटसुद्धा उंच नव्हती. बाकीचं शहर त्याच्याही खाली. आपल्याकडं खाजणाची जमीन असते ना, बांध फुटला की उधाणाचं पाणी थेट आत, तशीच ही जागा. फरक एवढाच की आपण खाजणात भात लावतो, त्यांनी तिथं घरं बांधली. मुख्य भूमीकडं जायला खाडीवर तीन रेल्वेचे पूल आणि एक गाडीरस्त्याचा पूल होता. जमिनीच्या वाटा एवढ्याच.

शेजारचं गाव बुडालं, तरी

आपल्या जागेचा धोका त्या लोकांना कळला नव्हता असं नाही. त्याच किनाऱ्यावर इंडियानोला नावाचं दुसरं भरभराटीचं बंदर होतं. १८७५ साली वादळात ते मोडलं. लोकांनी पुन्हा उभारलं. १८८६ साली दुसरं वादळ आलं, तेव्हा मात्र उरलेल्या लोकांनी ते गावच सोडलं. गॅल्व्हेस्टनमध्ये तेव्हा चर्चा झाली की आपणही समुद्राकडून भिंत घालावी. काही दिवस सभा झाल्या, बोलणी झाली. मग खर्चाचा विषय निघाला, पुढं दिवस गेले आणि भिंत राहून गेली.

त्यात आणखी एक गोष्ट घडली. शहरातल्या सरकारी हवामान कचेरीचे प्रमुख आयझॅक क्लाइन नावाचे गृहस्थ होते. शिकलेले, मेहनती, लोकांत मान असलेले. १८९१ साली त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात लेख लिहिला. त्याचा मथितार्थ असा की वादळाची लाट या शहराचं मोठं नुकसान करील ही भीती निराधार आहे. तोवर येऊन गेलेल्या वादळांत शहरात पाणी शिरलं होतं, पण निभावलं होतं. जाणत्या माणसानंच असं लिहिल्यावर लोक निर्धास्त झाले.

मीही सरकारी कर्मचारी आहे, म्हणून ही गोष्ट मला जास्त लागते. आमच्यासारख्यानं चुकीचा दिलासा दिला तर त्याची किंमत लोकांना मोजावी लागते. क्लाइनसाहेबांना तर ती स्वतःच्या घरातच मोजावी लागली, ते पुढं येईलच.

बावटा लागला, माणसं राहिली

१९०० च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला एक वादळ क्युबा बेटावरून गेलं. क्युबातले हवामानाचे जाणकार पिढ्यानपिढ्या वादळं पाहत आलेले. त्यांचा अंदाज होता की हे वादळ आखातात शिरून पश्चिमेकडं जाईल. अमेरिकेच्या हवामान खात्याचा अंदाज होता की ते वळून फ्लोरिडाकडं आणि तिथून वर जाईल. क्युबातल्या जाणकारांवर खात्याचा विश्वास नव्हता. इतका की त्यांच्याकडून हवामानाच्या तारा पाठवण्यावरच त्या दिवसांत बंदी घातलेली होती. ज्याला ठाऊक होतं त्याचं तोंड बंद, असा प्रकार झाला. आणि वादळ गेलं पश्चिमेलाच.

शुक्रवारी, ७ सप्टेंबरला, गॅल्व्हेस्टनमध्ये इशाऱ्याचा बावटा चढला. शनिवारी, ८ सप्टेंबरला सकाळी क्लाइन यांनी एक विलक्षण गोष्ट पाहिली. वारा उत्तरेकडून, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडं वाहत होता. अशा वाऱ्यात समुद्राचं पाणी मागं हटायला हवं. तरीही पाणी चढतच होतं. खोल समुद्रात फार मोठं काही तरी चाललं आहे, त्याची ही खूण होती.

लोक काय करत होते? लाटा बघायला माणसं किनाऱ्यावर जमली होती. रस्त्यांत आलेल्या पाण्यात पोरं खेळत होती. क्लाइन यांनी पुढं लिहिलं की आपण घोडागाडीतून किनाऱ्यानं फिरून लोकांना उंच जागी जायला सांगितलं. किती लोकांना सांगितलं, याबद्दल इतिहासकारांत वाद आहे. वाद राहू द्या. मोठ्या संख्येनं लोक घरीच राहिले, याबद्दल वाद नाही.

दुपारपर्यंत खाडीचं पाणी एका अंगानं आणि समुद्राचं दुसऱ्या अंगानं शहरात शिरलं. पूल बुडाले. आता निघायचं म्हटलं तरी वाट नव्हती. ज्यांना सकाळी नऊ वाजता जाणं सोपं होतं, त्यांना दुपारी ते अशक्य झालं. संध्याकाळी वारा मोजायचं यंत्रच उडून गेलं. शेवटी यंत्रानं दाखवलेला वेग ताशी १६० किलोमीटरच्या घरात होता. साडेसातच्या सुमारास क्लाइन आपल्या दारात उभे होते, तेव्हा काही क्षणांत पाणी चार फुटांनी चढलं. रात्री पाण्याची उंची १५ फुटांवर गेली. सगळ्यात उंच जमीन नऊ फुटांच्या आत आणि पाणी पंधरा फूट. बाकीचा हिशेब तुम्हीच करा.

क्लाइन यांचं घर मजबूत म्हणून शेजारपाजारची सुमारे पन्नास माणसं तिथं आसऱ्याला आली होती. पाण्यावर वाहत आलेल्या ट्रामच्या लोहमार्गाच्या सांगाड्याची धडक बसून ते घर कोसळलं. पन्नासांतली अठराच वाचली. क्लाइन आणि त्यांच्या मुली वाचल्या, पत्नी गेल्या.

किनाऱ्यावर अनाथ मुलांचा एक आश्रम होता. तिथल्या जोगिणींनी लहान मुलं हरवू नयेत म्हणून कपडे वाळत घालायच्या दोरीनं त्यांना आपल्या कमरेशी बांधून घेतलं होतं. दहा जोगिणी आणि नव्वद मुलं गेली. तीन मोठी मुलगी-वयातली नव्हे, तीन मुलगे तेवढे एका झाडाला धरून वाचले.

एका रात्रीत साडेतीन हजारांवर घरं नाहीशी झाली. मेलेल्यांची नेमकी गणती कधीच लागली नाही. किमान सहा हजार, बहुधा आठ हजार, कुणी बारा हजारही सांगतात. अमेरिकेच्या इतिहासात नैसर्गिक आपत्तीत एवढी माणसं त्याआधी आणि त्यानंतर कधी गेलेली नाहीत.

वाऱ्यापेक्षा पाणी वाईट

वादळ म्हटलं की आपल्याला वारा आठवतो. माड मोडतो, कौलं उडतात, ते डोळ्यांना दिसतं. पण किनाऱ्यावरच्या मोठ्या वादळांत सर्वांत जास्त माणसं पाण्यानं गेली आहेत. हे पाणी कसं चढतं ते समजून घ्या.

वादळाचा वारा समुद्राचं पाणी ढकलत किनाऱ्याकडं आणतो. समुद्र खोल असला तर ते पाणी खालून मागं फिरतं. किनाऱ्याजवळ समुद्र उथळ असला की त्याला खाली वाव राहत नाही, मग ते वर चढतं. वादळाच्या पोटात हवेचा दाब कमी असतो, त्यानं पाणी आणखी थोडं फुगतं. त्यात भरतीची वेळ आणि उधाणाचे दिवस साधले की सगळ्यांची बेरीज होते. खाडीत तर पाण्याला दोन्ही काठ आवळतात, त्यामुळे ते आत आणखी चढू शकतं. म्हणून समुद्र आपल्यापासून चार किलोमीटर लांब आहे, आपल्याला काय त्याचं, असं खाडीकाठच्या माणसानं म्हणू नये.

आणि पाण्याचं वजन? एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल एवढं पाणी एक टन भरतं. म्हणजे दोन धिप्पाड बैल. असे हजारो बैल एकदम अंगावर आले तर मातीची भिंत काय, चिऱ्याची भिंतसुद्धा टिकायची नाही.

शहरच वर उचललं

वादळानंतर गॅल्व्हेस्टनच्या लोकांनी जे केलं ते मात्र कौतुकानं सांगण्यासारखं आहे. १९०२ साली त्यांनी समुद्राकडून काँक्रीटची भिंत घालायला घेतली. सतरा फूट उंच, पहिल्या टप्प्यात तीन मैलांहून लांब. १९०४ साली तो टप्पा पुरा झाला.

नुसत्या भिंतीवर ते थांबले नाहीत. त्यांनी शहराची जमीनच उंच करायची ठरवली. घराखाली हातानं फिरवायचे जॅक लावायचे, घर तसंच्या तसं वर उचलायचं आणि खाली पाण्यात कालवलेली वाळू सोडायची. पाणी निघून जाई, वाळू राही. दोन हजारांवर इमारती अशा उचलल्या. एक चर्च तर तीन हजार टन वजनाचं, त्याला सातशे जॅक लावले होते. हे काम १९०३ पासून १९११ पर्यंत चाललं. आठ वर्षं लोक लाकडी फळ्यांच्या उंच वाटांवरून ये-जा करत होते. घर उचलायचा खर्च ज्याचा त्यानं केला, भरावाचा खर्च सरकारी.

शेतकऱ्याच्या दृष्टीनं एक गोष्ट बघा. खाऱ्या पाण्यानं आणि नंतर भरावानं शहरातली झाडं मेली होती. तिथल्या बायकांनी संघटना काढून पुन्हा झाडं लावली. त्यांत कण्हेर भरपूर लावली, कारण कण्हेर खारा वारा सोसते. आजही ते कण्हेरीचं शहर म्हणून ओळखलं जातं. (आपल्याकडं कुंपणाला कण्हेर लावाल तर ती जनावरांच्या तोंडी लागणार नाही असं बघा. ती विषारी आहे.)

१९१५ साली जवळजवळ तेवढंच मोठं वादळ पुन्हा आलं. भिंत टिकली. भिंतीच्या आडच्या शहरात अगदी थोडे मृत्यू झाले. पंधरा वर्षांपूर्वीचे हजारो आणि आताचे मोजके, हा फरक माणसांनी घडवला होता.

भिंत झाली, तरी निघावंच लागतं

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण भिंत समुद्राकडून होती. २००८ च्या सप्टेंबरात आइक नावाचं वादळ आलं, तेव्हा पाणी मागच्या अंगानं, खाडीकडून शहरात शिरलं. शहर सोडायचा हुकूम आधीच निघाला होता. तरी हजारो लोक राहिले होते. आपल्याला भिंत आहे, असं त्यांना वाटलं.

त्याआधी तीन वर्षांपूर्वी याच्या उलट झालं होतं. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळानं न्यू ऑर्लिन्स शहर बुडवलं. ते सगळ्यांनी पाहिलं होतं. तीनच आठवड्यांनी रीटा वादळ गॅल्व्हेस्टन आणि शेजारच्या ह्यूस्टनकडं येतंय असा इशारा आला. लोक घाबरून एकदम निघाले. एक-दोन नव्हे, पंचवीस लाखांवर माणसं. ज्यांना खरोखर धोका होता ते आणि ज्यांना नव्हता ते, सगळे एकाच रस्त्यावर. मोटारी तासन्‌तास उभ्या, वरून ऊन, पेट्रोल संपलेलं. वृद्धाश्रमातली माणसं नेणारी एक बस पेटली, त्यात तेवीस जण गेले. या पळापळीत शंभरावर माणसं दगावली. आणि वादळ दुसरीकडंच, पूर्वेला वळलं.

म्हणजे न निघणं जसं घातक, तसं तयारीवाचून सगळ्यांनी एकदम पळणंही घातक. त्यानंतर तिथं सखल भागाचे टप्पे पाडले. आधी समुद्रालगतच्या लोकांनी निघायचं, मग त्यांच्या मागच्यांनी. कुणी कधी आणि कुठल्या वाटेनं जायचं, हे वादळ नसताना ठरवून ठेवायचं.

जवळची उदाहरणं

तुम्ही म्हणाल, साहेब, ती श्रीमंत माणसं, त्यांच्याकडं मोटारी आहेत. आपल्याला ते कसं जमावं? तर मग आपल्या देशातलं बघू.

२९ ऑक्टोबर १९९९ ला ओडिशात पारादीपजवळ महाचक्रीवादळ आलं. समुद्राचं पाणी कित्येक किलोमीटर आत शिरलं. सुमारे दहा हजार माणसं गेली, जनावरं किती गेली त्याला सुमार नाही. त्यानंतर ओडिशानं आपत्तीसाठी वेगळं प्राधिकरण काढलं, किनाऱ्यावर खांबांवर उभे पक्के निवारे बांधले, गावोगाव तरुणांना शिकवून तयार केलं. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन वादळ आलं, तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले. ३ मे २०१९ ला फणी वादळ थेट जगन्नाथपुरीला लागलं. पुरी म्हणजे समुद्राला खेटून असलेलं सखल गाव, वारकऱ्याला जसं पंढरपूर तसं तिकडच्या लोकांना ते. त्या वेळी ओडिशात सुमारे बारा लाख लोक हलवले. मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. राज्य तेच, समुद्र तोच, माणसं गरीब तीच. वीस वर्षांत तयारी तेवढी बदलली.

आणि जनावरांचं काय? आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर मला बांगलादेशात सापडलं. १२ नोव्हेंबर १९७० ला तिथं भोला वादळात तीन लाखांवर माणसं गेली. त्यानंतर तिथल्या किनाऱ्यावर मातीचे उंच, रुंद ओटे घातले. पाणी आलं की माणसं आणि गुरं त्यावर जायची. त्या ओट्यांना तिथं काय म्हणतात ठाऊक आहे? किल्ला! शब्द आपलाच आहे आणि कामही किल्ल्याचंच आहे.

आपला किनारा

अरबी समुद्रात बंगालच्या उपसागरापेक्षा वादळं कमी होतात हे खरं. पण कमी म्हणजे मुळीच नाही असं नव्हे. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईला वादळाचा जबर तडाखा बसला. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान आलं. ३ जून २०२० ला निसर्ग, आणि मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासत गुजरातकडं गेलं. निसर्गनं श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या माड-पोफळीच्या बागा झोपवल्या. आजोबांनी लावलेली पोफळ नातवाच्या डोळ्यांदेखत गेली. वीज कित्येक दिवस नव्हती, मोबाईलचे मनोरे बंद. निसर्ग आलं तेव्हा वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे दिवस उधाणाचेच होते.

माझ्या ओळखीच्या त्या वाडीत तेव्हा पाणी आलं नाही. गॅल्व्हेस्टनलाही १९०० च्या आधी कितीदा तरी निभावलं होतं. मागच्या खेपेला वाचलो, हा पुढच्या खेपेचा भरवसा नसतो.

मे महिन्यात करायची कामं

खाली लिहिलेली कामं ग्रामसभेत वाचा आणि पावसाळ्याआधी उरका.

१. वाडीतली सर्वांत सखल घरं कुठली, ते जुन्या माणसांना विचारून ठरवा. उधाणाचं पाणी पूर्वी कुठवर आलं होतं, तिथं खूण करा. ही घरं आधी निघतील.

२. जायची वाट एक नको, दोन ठरवा. साकवावरून किंवा बांधावरून जाणारी वाट आधी बुडते. पावसात एकदा चालून बघा.

३. म्हातारी माणसं, बाळंतीण, आजारी, अपंग यांची यादी करा. कोण कुणाला नेणार ते नावानिशी लिहा. "कोणी तरी नेईल" म्हटलं की कोणीच नेत नाही.

४. गुरांसाठी उंच जागा आताच ठरवा. टेकाडावरचं माळरान, देवळामागचा उंचवटा, कुणाची मोकळी जागा, काहीही चालेल. नसेल तर ग्रामपंचायतीमार्फत मातीचा ओटा घालायचा विषय मांडा. तिथं दोन दिवसांचा पेंढा आणि पाणी ठेवायची सोय बघा. जनावरांच्या कानातल्या बिल्ल्याचे नंबर लिहून ठेवा. अगदी हलवता आलीच नाहीत, तर निघताना दावं सोडा. बांधलेलं जनावर बुडतं, सुटं जनावर पोहून उंचवटा गाठू शकतं.

५. सातबारा, आधार, पासबुक, पीक विम्याची पावती, रोजची औषधं, बॅटरी, काडेपेटी हे एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराजवळ टांगा. सेलवर चालणारा रेडिओ त्यातच ठेवा. मनोरे पडले की मोबाईल मुका होतो, तेव्हा रेडिओच बोलतो.

६. भाताचं बियाणं घट्ट झाकणाच्या पिंपात भरून उंच जागी ठेवा. वाळलेल्या झावळ्या आणि मोकळे नारळ आधीच उतरवा. गोठ्याचे पत्रे तारेनं आवळा.

७. हवामान खातं वादळाची पहिली सूचना सुमारे ७२ तास आधी, सावधगिरीची ४८ तास आधी आणि इशारा २४ तास आधी देतं. माझा सल्ला असा: ४८ तासांच्या सूचनेला गुरं हलवा. २४ तासांच्या इशाऱ्याला म्हातारी माणसं आणि पोरं आधी, मग सगळे. दिवसाउजेडी निघा. पाणी दिसायची वाट पाहू नका.

८. वारा एकाएकी पडला आणि आभाळ उजळलं तर बाहेर येऊ नका. तो वादळाचा डोळा असू शकतो. थोड्या वेळानं वारा उलट्या दिशेनं तितक्याच जोरानं येतो.

९. परतल्यावर पडलेल्या तारांना हात लावू नका. विहिरीत खारं पाणी गेलं असेल तर उपसून, औषध टाकून मगच प्या. शेतात खारं पाणी असेल तर ओहोटीला उघाडीतून लवकर बाहेर काढा. मग पावसाचं गोडं पाणी बांधात साठवून दोन-तीनदा सोडा, म्हणजे क्षार धुऊन जातील. अशा जमिनीत पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ यांसारख्या खार सोसणाऱ्या भाताच्या जाती घ्या.

शेवटी एवढंच

आजोबांकडं मी पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. म्हैस व्यायली होती, रेडकू अंगणात उड्या मारत होतं. मी त्यांना गॅल्व्हेस्टनची ही सगळी गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे त्या लोकांनाही कुणी जागा दाखवली नव्हती म्हणा." मी म्हटलं, "वाट होती आजोबा, सकाळपर्यंत होती." मग ते उठले आणि मला वाडीच्या मागं, त्यांच्या चुलतभावाच्या वरकस जमिनीवर घेऊन गेले. चांगला उंचवटा आहे. वाडीतली सगळी गुरं मावतील एवढा. चुलतभावाशी त्यांचं बोलणं नव्हतं. आता झालं आहे.

तुमच्या वाडीमागंही असा एखादा उंचवटा असेल. आभाळ स्वच्छ आहे तोवर तो बघून या. सापडला तर आम्हाला कार्यक्रमाच्या पत्त्यावर जरूर कळवा. इतरांना सांगू.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी